माप

वर्षातून एकदा, कार्तिकातल्या अमावास्येला
किल्ल्यावरून मला बोलावणं येतं.
खंदकावर तरंगणाऱ्या मनोऱ्याला जिना नाही,
उजेडच उचलून वर नेतो.
मी डोळे मिटतो
आणि खिशातली टेप घट्ट धरतो.

टेप कापडी. पिवळी होती, आता चहाच्या रंगाची.
इराप्पा उस्तादांची. शहापुरात कोरे गल्लीच्या तोंडाशी
त्यांचं दुकान होतं. काजं करायला त्यांनीच शिकवलं,
आणि मोजायला, कानडीत.
मी भांडतो मराठीत, उधारी लिहितो मराठीत,
पण खांदा, छाती, बाही आली
की तोंडातून ओंदु, येरडु, मूरु.

शहरात दुसरी टेप उरली नाही.
लोकांचे कपडे भिंती शिवतात:
समोर उभं राहायचं, मनात रंग आणायचा, झालं.
थोरल्याला मात्र भिंत मोजू शकत नाही.
भिंती त्याच्याच,
आणि त्याच्या वस्तू त्याला आवडेल तेवढंच मोजतात.

थोरला म्हणजे आमचा राजा. नाव घ्यायची पद्धत नाही.
साडेनऊ फूट. वीज पितो.
जांबोटीवर उतरलेल्या गारा त्यानं तळहातानं परत पाठवल्या,
आमच्या आज्यानं पाहिलंय.
सांबऱ्यापासून खानापूरपर्यंतचे दिवे
त्याच्या छातीवर पेटतात,
म्हणून भिंतीनं शिवलेलं काहीही तिसऱ्या दिवशी अंगावर करपतं.
वडगावच्या मागावरचं सुती तेवढं टिकतं.
का, ते त्यालाही माहीत नाही.
विचारलं होतं त्यानं मला एकदा.

निपाणीच्या राणीची सावली पडत नाही.
धारवाडचा गातो तेव्हा तिथल्या गिरण्या फिरतात.
मधे उजेडाच्या रेघा आहेत, आणि शाळेत शिकवतात
की राजांची उंची जिथं एकमेकांना तोलते
तिथं रेघ उभी राहते.
संकेश्वरात ती माझ्या बहिणीच्या घरातून जाते.
चूल आमच्यात, न्हाणी निपाणीत.

यंदा स्टुलावर चढलो.
मानेपासून सुरू केलं, पुटपुटत घोट्यापर्यंत आलो.
चार बोटं कमी.
परत मोजलं.
चार बोटं.
गेल्या वर्षीचा अंगरखा फरशीवर लोळत होता,
किनारीला धूळ. इथं धूळ आली कुठनं?

"काय गा भरमा, थांबलास?"

"टेप जुनी झालीय," म्हटलं. "ताणलीय."

खोटं नव्हतं. कापडाची टेप ताणतेच.
उस्ताद सांगायचे, दहा वर्षांनी जाळून टाक,
नाहीतर सगळं गाव तुला बुटकं दिसायला लागेल.
मी जाळली नाही.
त्यांच्या बोटांचा घाम आहे तिच्यात.

तो गप्प. खाली अनगोळपर्यंतचे दिवे
एकदा मंद झाले, पुन्हा आले.
मग अगदी हळू,
भिंतींनाही ऐकू जाणार नाही असं विचारलं,
"याच टेपेनं कधी तुझं माप घेतलंयस?"

"घेतलंय की. मीपण कमी भरतो."

आता हे खोटं होतं.
घरी दाराच्या चौकटीला पाठ लावून मी मोजतो,
दर अमावास्येला, त्याच्याकडे जायच्या आधी.
पाच फूट चार. लग्नात होतो तेवढाच.

वहीत जुनंच माप लिहिलं.
कापड कापलं नाही. चार बोटं आत दुमडली,
धावदोरा घातला, कच्चा,
लागलीच तर उसवता यावी म्हणून.
तो किनारीकडे बघत होता.
एवढ्या मोठ्या माणसानं टाक्याकडे असं बघताना
मी कधी पाहिलं नव्हतं.
माणूस म्हणालो मी. असू दे.

काल बहिणीचा निरोप आला:
रेघ चुलीच्या अलीकडे दिसते रे, सकाळपासून.
तुला काही कळतं का तिकडे?

मी म्हटलं, चूल पेटते ना?

पेटते, म्हणाली.

मग भाकरी कर.